डबे हुंगणाऱ्यांच्या बाजूनं

अविनाशराव, प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हरवलेल्या मूकपटांमागे लागणारे हौशी म्हणजे रिकामटेकडे, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (फिल्म अर्काइव्ह) होतं तेच 2003 च्या आगीत गेलं, तेव्हा आधी आहे ते सांभाळा, आणि सापडलं तरी हाती येतो तुकडा, तो बघणार कोण?

आगीचं खरं आहे. मूकपटांच्या काळातली नायट्रेटची, म्हणजे झटकन पेट घेणारी फिल्म पेटली की पाण्यातही विझत नाही. पण फिल्म अर्काइव्हच्या कपाटातली रिळं सांभाळणं हे पगारी माणसांचं काम. सदाशिव पेठेतला वाडा पाडताना माळ्यावरून उतरलेला गंजका डबा कुठल्याच यादीत नसतो. तो भंगारात जायच्या आत कुणीतरी उघडून बघावा लागतो. कितीतरी मूकपट तर त्यातल्या चांदीसाठीच विकले गेले. अर्काइव्ह उभं करणारे पी. के. नायर नोकरीत होते खरे, पण पिंड हौशाचाच. फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (1919) त्यांनी नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांकडून मिळवला. टपालानं आपोआप आला नव्हता.

आता चिकाटीचं ऐका. अर्जेंटिनातल्या एका फिल्म क्लबच्या चालकानं गप्पांत सांगितलं, की 'मेट्रोपोलिस' हा जर्मन मूकपट दाखवताना प्रत हलत होती म्हणून दोन तासांवर प्रोजेक्टरला बोट दाबून धरावं लागलं. ऐकणारे हसले असतील. तिथले चित्रपट अभ्यासक फर्नांडो पेन्या मात्र चमकले, कारण तेव्हा सगळीकडे दाखवली जाणारी प्रत एवढी लांब नव्हतीच! तेवढ्या एका वाक्याचा माग त्यांनी वर्षानुवर्षं सोडला नाही. 2008 मध्ये ब्यूनस आयर्सच्या संग्रहालयात 16 मिलिमीटरची ओरखड्यांनी भरलेली प्रत निघाली, आणि 1927 च्या त्या सिनेमाची सुमारे 25 मिनिटं परत मिळाली. रिकामटेकडेपणा म्हणायचा तर म्हणा.

तुकड्यांबद्दल. 1919 च्या 'बिल्वमंगल'चा 594 मीटरचा तुकडा पॅरिसला सापडला, म्हणून आज पुण्यात आहे. आपण 1913 चा म्हणून कौतुकानं बघतो तो 'राजा हरिश्चंद्र' फाळक्यांनी 1917 साली पुन्हा काढलेला आहे, असं अभ्यासक म्हणतात. हा वाद घालायलाही हातात रिळं लागतात. बाबूराव पेंटरांच्या 'सावकारी पाश'बद्दल (1925) आपण पानंच्या पानं लिहितो. त्यातला शेतकरी, म्हणजे तरुण व्ही. शांताराम, पडद्यावर कसा वावरत होता? सांगा बघू. प्रतच नाही.

तुमच्या जुन्या घराचं काम निघालंय म्हणता. माळ्यावर चिकटलेली किंवा तपकिरी भुकटी झालेली रिळं दिसली, तर डबा उन्हात ठेवू नका, जवळ काडी ओढू नका आणि थेट लॉ कॉलेज रोडला अर्काइव्हला कळवा. भंगारवाल्याला नंतर बोलवा.