फिक्शन, नॉनफिक्शन, वाहन नाही

कादंबरी वाचत असलं की लोक विचारतात, "खरं आहे का हे?" आणि कोणाचं आत्मचरित्र वगैरे वाचत असलं की विचारतात, "मग, काय शिकायला मिळालं?" रोज ठाण्याहून सीएसएमटीला जाणाऱ्या बाईला बायकांच्या डब्यात हे दोन्ही प्रश्न मुलुंड यायच्या आत निस्तरावे लागतात. "मजा आली का?" असं मात्र कोणी विचारत नाही. सिनेमाबद्दल विचारतात, लग्नातल्या जेवणाबद्दल विचारतात, कोणाच्या तरी तेराव्याची जिलबी कशी होती हेसुद्धा विचारलेलं मी ऐकलंय. पुस्तक म्हटलं की मात्र सगळ्यांच्या अंगात एकदम परीक्षक संचारतो.

ठाण्यात हे व्हावं याचं जरा नवलच. इथलं मराठी ग्रंथसंग्रहालय वि. ल. भावे आणि मंडळींनी १८९३ साली काढलं. म्हणजे गावाला वाचायची सवय सव्वाशे वर्षांहून जुनी. मत विचारायची सवय बहुधा त्याच्याही आधीची असावी.

या वर्षी आमच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायटीने या सवयीला अधिकृत स्वरूप दिलं. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनानिमित्त, क्लब हाऊसमध्ये 'मी नुकतंच वाचलेलं पुस्तक'. प्रत्येकी पाच मिनिटं, नंतर मसाला दूध. इथवर ठीक होतं. पण आमच्या सेक्रेटरींना फॉर्मशिवाय चैन पडत नाही. त्यांनी ग्रुपवर लिंक टाकली. पुस्तकाचं नाव. प्रकार, एकच निवडा. पाचपैकी तारे. आणि शेवटी 'पुस्तकातून मिळालेली शिकवण (एका वाक्यात)', पुढे लाल चांदणी, म्हणजे ती भरल्याशिवाय सुटका नाही. हा फॉर्म त्यांनी पार्किंगच्या सर्व्हेवरून केला होता हे 'प्रकार'वर बोट ठेवल्यावर कळलं. खाली तीन पर्याय उघडले: फिक्शन, नॉनफिक्शन, वाहन नाही.

अलीकडे वाचलेली पुस्तकं काही कमी नव्हती. प्रश्न होता त्यातलं कुठलं या फॉर्ममध्ये मावेल हा.

सगळ्यात सहज मावलं असतं ते भाच्याने दिलेलं. तो ऐरोलीला आयटीत आहे आणि पुस्तकं दीडपट वेगाने ऐकतो. त्याने मला जेम्स क्लिअरचं 'अ‍ॅटॉमिक हॅबिट्स' दिलं. म्हणाला, "मावशी, लाइफ चेंजिंग आहे." पुस्तकाचा गाभा असा की रोज फक्त १ टक्का सुधारा, वर्षाअखेर तुम्ही ३७ पट सुधारलेले असाल. हिशेब बरोबर आहे, मी बँकेत आहे, चक्रवाढ मला कळते. पण मी तो नियम आमच्या रस्त्याला लावून पाहिला. संध्याकाळी माजिवड्याहून पुढे, मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेने, गाडीचा वेग ताशी ८ किलोमीटर धरू. रोज १ टक्का सुधारणा झाली तर पुढच्या वर्षी याच दिवशी मी ताशी २९६ किलोमीटरने घरी येईन. बुलेट ट्रेनची गरजच उरणार नाही. भाच्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मावशी, तू पॉइंट मिस करतेयस." असेलही. माझं मत इतकंच की ज्या पुस्तकातलं सगळंच पटतं, ते वाचताना डुलकी लागते. शिकवण मात्र त्यात पानोपानी होती, चौकटीत घालून, धड्याच्या शेवटी पुन्हा एकदा. सेक्रेटरींचं मन भरलं असतं.

दुसरं 'सेपियन्स', युवाल नोआ हरारींचं, माणसाच्या इतिहासाबद्दलचं. हे नवऱ्याने आणलं, जाडी बघून शेल्फवर उभं केलं आणि ते वाचण्याचं काम, घरातल्या बाकीच्या कामांसारखं, माझ्याकडे आलं. त्यात हरारींचं एक म्हणणं भलतंच गमतीचं आहे. माणसाने गहू पाळला नाही, गव्हानेच माणसाला पाळलं. दहा हजार वर्षांपूर्वी हे एक साधं रानगवत होतं, आणि त्याने माणसाला असं काही कामाला लावलं की माणूस त्याच्यासाठी दगड वेचत, पाणी वाहत, पाठ मोडून घेत बसला. मणके सरकले, सांधे धरले, पण गहू जगभर पसरला. हे मला सकाळी सहा वाजता पोळ्या लाटताना आठवलं आणि लाटणं ठेवून तशीच उभी राहिले. अभ्यासकांनी या पुस्तकावर पुष्कळ आक्षेप घेतलेत म्हणे. घेऊ देत. एवढ्या एका मुद्द्यावर माझी साक्ष काढावी. मला कोणी पाळलंय हे मला पक्कं ठाऊक आहे, त्याची दहा किलोची पिशवी ओट्याखाली असते.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "इंटरेस्टिंग. अजून एक पोळी दे."

'स्मृतिचित्रे' मी आधीही वाचलं होतं. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४ पासून चार भागांत आलं, आणि माझं मत विचाराल तर मराठीत इतक्या सरळ चेहऱ्याने विनोद करणारं माणूस नंतर फारसं झालं नाही. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं वेड होतं. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची. धान्य धुवायचं, साखर धुवायची, मीठसुद्धा धुवायचं. हे मी गाडीत सांगितलं मात्र, भांडुप ते घाटकोपर सगळा डबा हसत होता. खिडकीजवळच्या बाईंनी विचारलं, "मीठ धुतल्यावर उरत काय असेल हो?" त्यावर चौथ्या सीटवरची, जी एरवी टेकायला जागा दिल्याशिवाय तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "हसू नका. २०२० मध्ये तुम्ही दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्यात की नाही?" डबा गप्प झाला. मग एकेकीच्या कबुल्या सुरू झाल्या. एकीने कोथिंबीर डेटॉलच्या पाण्यात घातली होती. एकीच्या सासऱ्यांनी पेन्शनच्या नोटा इस्त्री केल्या होत्या. एकीने फरसाणाचं पाकीट धुताना ते आधीच उघडलेलं आहे हे पाहिलं नव्हतं. दादर येईपर्यंत लक्ष्मीबाईंचे वडील डब्यातल्या प्रत्येकीच्या घरी राहून गेले होते. आता याची शिकवण काय लिहायची? 'स्वच्छता राखा'?

कादंबरी म्हणाल तर 'रणांगण'. विश्राम बेडेकरांची, १९३९ सालची. युरोपातून निघालेली बोट, हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन पळालेले ज्यू, त्यांतली हर्टा आणि आपला चक्रधर. पुस्तक एवढंसं, एका आठवड्याच्या गाडीप्रवासात संपतं. चक्रधर मला पहिल्या काही पानांत मुळीच आवडला नाही. एका बाईने दुखावलं म्हणून जगातल्या सगळ्या बायकांवर डूख धरणारे पुरुष आमच्या ऑफिसातही आहेत, त्यांना आम्ही चहाला बोलवत नाही. हर्टा मात्र मनातून जात नाही. मुंबईला बोट लागते, त्याला उतरता येतं, तिला येत नाही. एवढंच. यावर मी पाच मिनिटं काय बोलणार?

पण माझी प्रत रद्दीवाल्याकडची होती आणि आधीच्या मालकाने ती पेन्सिल घेऊन वाचली होती. अशा प्रती मी मुद्दाम घेते. एका किमतीत दोन मतं मिळतात. या गृहस्थांचं, किंवा बाईंचं, सुरुवातीपासून कादंबरीशी भांडण होतं. प्रेम जुळायला लागलं की समासात: "असं नसतं." पुढे पुन्हा: "असं नसतं!" एका पानावर नुसतंच "हँ." मला तर तेच जास्त रंगायला लागलं होतं. मधली चाळीसेक पानं पेन्सिल गायब. आणि शेवटच्या पानाखाली, जरा दाबून: "असंच असतं."

गाडीत कोणी "खरं आहे का हे?" विचारलं तेव्हा मी ते पान पुढे केलं.

राहता राहिले गोडसे भटजी. 'माझा प्रवास' मला सासूबाईंमुळे पुन्हा वाचावं लागलं. त्यांचं माहेर पेणचं, आणि विष्णुभट गोडसे पेणजवळच्या वरसईचे, त्यामुळे आमच्या घरी ते लेखक नसून माहेरचे आहेत. घरावर कर्ज, म्हणून ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने भटजी १८५७ साली उत्तरेत निघाले. मुहूर्त कसा काढला असेल देव जाणे. वाटेत बंड पेटलं, झाशीच्या वेढ्यात सापडले, कमावलेलं लुटलं गेलं. सासूबाई भिंगातून वाचता वाचता म्हणाल्या, "तेव्हा पेणला गणपतीचे कारखाने नव्हते. नाहीतर एवढ्या लांब जायची वेळच आली नसती."

मग तो विहिरीचा प्रसंग आला. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर धुळीने माखलेली, तहानलेली राणी भेटते. भटजी पाणी शेंदून द्यायला पुढे होतात, ती त्यांना थांबवते, स्वतः शेंदते आणि ओंजळीने पिते. हे मी कादंबरीत वाचलं असतं तर "फारच फिल्मी" म्हणून पान उलटलं असतं. इथे माणूस बाजूला उभा राहून बघत होता. सासूबाईंनी भिंग खाली ठेवलं. "हे खरं असेल का गं?"

"आई, तुम्हीसुद्धा?"

"अगं, आमच्याकडची माणसं थोडं वाढवून सांगतात."

भर म्हणजे, पुस्तक १९०७ साली छापलं तेव्हा संपादक चिं. वि. वैद्यांनी त्यावर आपलाही हात फिरवला होता, आणि मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली बाहेर काढला. म्हणजे खऱ्याचीही आवृत्ती निघते. फॉर्ममध्ये मात्र एकच निवडायचं होतं.

मी निवडलं. भटजी गंगेची कावड खांद्यावर घेऊन एवढा मुलूख तुडवत वरसईला आले आणि त्यांनी आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातलं. तीन पर्यायांपैकी या पुस्तकाला निर्विवाद लागू पडणारा एकच होता. तारे पाच. शिकवणीच्या रकान्यात मी टिंब दिलं. फॉर्मने ते मुकाट्याने घेतलं.

रात्री साडेनऊला सेक्रेटरींचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या शिकवणीत टिंब आलंय."

"हो, तेवढीच आहे."

"मग मी 'जिद्द' टाकू का? बाकी सगळ्यांचं तेच आहे, प्रोजेक्टरवर एकसारखं दिसेल."

"टाका."

"आणि मॅडम, ते 'वाहन नाही' केलंय तुम्ही. तर मग गाडी विकली का? नाही, बी-२७चं स्टिकर वेटिंगवाल्यांना द्यायचं होतं."