‘मिटवून टाका’ म्हणणाऱ्यांनो, डोक्याला मार लागलाय का ते आधी बघा

दिवाळीच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास माझ्या धाकट्या भावाच्या मोपेडला कोल्हापुरात फुलेवाडीत मागून एका कारनं धक्का दिला. हेल्मेट होतं, पण पुढच्या हूकला अडकवलेलं. डोकं दुभाजकावर आपटलं.

मी पोचले तेव्हा तो पानपट्टीच्या पायरीवर भुवईवर रुमाल दाबून बसला होता. मला बघून म्हणाला, “ताई, माझी गाडी कुठाय?” गाडी त्याच्या समोरच उभी होती, मी दाखवली. मिनिटभरात परत तेच. मग परत. तिन्ही वेळा पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं. मला वाटलं, घाबरलाय. बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडावर मारलं आणि गप्प बसले. पाच महिने झाले, ते तीन प्रश्न माझ्या कानातून जात नाहीत.

भोवती जमलेली माणसं काही वाईट नव्हती. “ताई, गडी उठून बसलाय, बोलतोय. काय नाही होत. सणासुदीचं पोलिसात कुठं जाताय, मिटवून टाका.” कारवाला पोरगा थरथरत होता. त्यानं ३,००० रुपये माझ्या हातात ठेवले. कुणीतरी वहीचं पान फाडलं, त्यावर ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहिलं आणि भावाची सही घेतली. ज्याला आपली गाडी कुठं आहे हे कळत नव्हतं, त्याची सही! तिथून जवळच्या दवाखान्यात ३ टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि घर.

भाऊ गुजरीत, सराफांच्या पेठेत, दागिने ओवायचं पटवेकरी काम करतो. दिवाळीची गर्दी, त्यामुळं सोमवारी सकाळी तो दुकानात हजर. ट्यूबखाली मान घालून दहा-बारा तास बसला. डोकं ठणकत होतं, उजेड डोळ्यांत घुसत होता, वास आला तरी मळमळायचं. तो वेदनेच्या गोळ्या खात राहिला. दिवाळीनंतर एकदा कोल्हापुरी साज, म्हणजे गळ्यातला हार, ओवायला घेतला आणि पानांचा क्रम चुकला. दशावतारांची पानं, अष्टमंगळाची पानं, मधे मणी, हे सगळं तो वीस वर्षं डोळे मिटून करत आलाय. त्या दिवशी माशाचं पान हातात धरून बसून राहिला, पुढं काय येतं ते आठवेना. शेठनीच मला फोन केला.

मग मेंदूच्या डॉक्टरांकडं गेलो. सीटी स्कॅन स्वच्छ आला. आम्ही देवाचे आभार मानले, तर डॉक्टर म्हणाले, स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं, पण मेंदूला बसलेला हादरा बहुतेक वेळा दिसत नाही. त्यालाच कन्कशन म्हणतात. त्यासाठी बेशुद्धच पडायला पाहिजे असं नाही. तेच तेच विचारणं, गोंधळणं, चक्कर, उजेडाचा आणि आवाजाचा त्रास, झोप बिघडणं, उगाच चिडचिड, ही सगळी त्याचीच लक्षणं. काही तर दोन-तीन दिवसांनी वर येतात. पहिले एक-दोन दिवस खरी विश्रांती घेतली, मोबाईल-टीव्ही कमी केला आणि नंतर हळूहळू कामाला लागलं, तर बहुतेक माणसं काही आठवड्यांत बरी होतात. ते एक-दोन दिवसच आम्ही त्याला दिले नाहीत.

आणि हे त्यातल्या त्यात बरं चाललेलं प्रकरण. डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या, बोलणं अडखळलं, झटका आला, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसायला लागली, माणूस हलवूनही नीट जागा होईना, तर आत रक्त साठत असू शकतं. तिथं तास मोजायचे असतात, सकाळची वाट बघायची नसते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची तर जास्त काळजी घ्या, विशेषतः रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर. न्हाणीघरात घसरल्याचं घरचे विसरून जातात, आणि काही आठवड्यांनी आजोबांचा पाय ओढला जायला लागतो.

आता कायद्याचं, कारण तिथंही आम्ही तसेच पोळलोय. भावाला अजून अर्ध्या दिवसाच्या वर काम होत नाही. वकिलांकडं गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न, “पहिल्या दिवशीचा कागद?” मी दवाखान्याची चिठ्ठी पुढं केली. त्यावर टाके आणि इंजेक्शन, बस्स. अपघात हा शब्द नाही, डोक्याला मार हा शब्द नाही. वकील म्हणाले, दुखणं खरं आहे हो, पण ते त्याच अपघातातलं आहे हे आता आपल्याला सिद्ध करावं लागणार. विमा कंपनी म्हणणार, नंतर कुठंतरी पडला असेल. त्या सहीच्या चिठ्ठीनं हक्क आपोआप बुडत नाही, पण समोरचा वकील तीच आधी काढणार.

जीव तुटतो तो यासाठी की ‘मिटवून’ त्या पोराचाही काही फायदा झाला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणं जखमीला उपचार मिळवून देणं आणि २४ तासांत पोलिसांना कळवणं ही चालकाची जबाबदारी आहे. गाडीचा विमा आणि लायसन्स धड असेल तर भरपाई साधारणपणे विमा कंपनी भरते, त्याच्या खिशातनं जात नाही. तो भीतीनं मोकळा झाला, आम्ही सणाच्या घाईनं.

दवाखाने पोलीस केस म्हटल्यावर हात लावत नाहीत, ही भीतीही जुनी आहे. आधी उपचार, मग बाकीचं, हे सुप्रीम कोर्टानं १९८९ सालीच सांगितलंय. २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमींना नेमलेल्या रुग्णालयांत पहिले ७ दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची योजनाही आहे. म्हणून सांगते, सीपीआरसारखं सरकारी रुग्णालय असो नाहीतर खाजगी, केसपेपरवर ‘वाहन अपघात, डोक्याला मार’ हे लिहून घ्या, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, करायला सांगा. नोंद केली म्हणजे कुणाचं वाटोळं केलं असं होत नाही. भरपाई ठरवताना त्या माणसाच्या त्याच्या स्वतःच्या कामावर काय परिणाम झाला ते बघायचं, असं सुप्रीम कोर्टाचं २०१० चं म्हणणं आहे. पटवेकऱ्याच्या नजरेला आणि आठवणीला मोल आहे. पण कागद पाहिजे.

फुटबॉलबद्दलही बोलायलाच पाहिजे, सध्या तेच दिवस आहेत. शाहू स्टेडियमवर हेडरला दोन डोकी आपटतात, पोरगा डगमगत उठतो, गॅलरीतून आरोळी येते, आणि तो परत आत. पेठेच्या इज्जतीपुढं कोण बाहेर बसणार! पण पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला अचानक सूज येऊ शकते. असं क्वचित होतं, पण होतं तेव्हा जीवावर बेततं, आणि धोका जास्त कोवळ्या पोरांना. क्रिकेटमध्ये २०१९ पासून अशा खेळाडूच्या जागी दुसरा घेता येतो, फुटबॉलच्या नियमांतही २०२४ पासून जादा बदली खेळाडूची सोय आहे. संघ उतरवणाऱ्या आपल्या तालमींनी एवढं तरी ठरवावं, डोकं आपटलं की त्या दिवशीचा सामना संपला. यात माघार कसली?

आमच्या दाव्याला कायद्यानं सहा महिन्यांची मुदत आहे, त्यातला एक महिना उरलाय. त्या कारवाल्या मुलाचा मोबाईल नंबर आता बंद लागतो. कार पांढरी होती, एवढंच मला आठवतं. उद्या पानपट्टीवाल्या मामांना परत भेटणार आहे, ते म्हणतात मागची नंबरपाटी वाचली होती, आकडे नक्की आठवत नाहीत. त्या संध्याकाळी गर्दीत मोबाईल वर धरलेली दोन-तीन पोरं होती. तुमच्यापैकी कुणाकडं तो फोटो किंवा व्हिडिओ राहिला असेल तर कृपा करून मला मेसेज करा. त्या पोराला अडकवायचं नाही, फक्त गाडीचा नंबर पाहिजे.