प्रोटीन बंद केल्याने कॅन्सर उपाशी मरत नाही

निपाणी-चिकोडीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. कॅन्सरची गाठ प्रोटीनवर जगते, तेव्हा डाळ, दूध, अंडी बंद करा. काढा पिऊन पेशींचं विभाजन थांबवा. प्रतिकारशक्ती वाढवा, कॅन्सर आपोआप जाईल. माझ्या निपाणीच्या काकूने तो खरा मानला. हिरडीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, रेडिएशन चालू, आणि ताटात नुसता मऊ भात न् पातळ सार. महिन्याभरात पाटल्या हातातून निसटायला लागल्या, म्हणून तिने त्यांना दोरा गुंडाळला. तो दोरा बघितला आणि लिहायला बसले.

आधी डाळ-अंड्यांचं. खाल्लेल्या मसुराच्या आमटीतल्या प्रोटीनचे आतड्यात अमिनो आम्लांत तुकडे होतात आणि त्यांतून शरीर हवी ती प्रोटीन नव्याने बांधतं. बाहेरचा पुरवठा तोडला की शरीर स्वतःचे स्नायू मोडायला घेतं, आणि गाठ आपला वाटा तिथून उचलते. वाळतो तो माणूस. अशा रुग्णाला साधारणपणे किलोमागे दिवसाला १ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं. ५० किलोच्या बाईला ५० ते ७५ ग्रॅम. किडनीचं दुखणं असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

विभाजन थांबवायचं म्हणता? आपली अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या आतला मगज, सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार करते. रेडिएशनने सोललेलं काकूचं तोंड भरून येईल तेही विभाजनामुळेच. कॅन्सरमध्ये सुटतो तो विभाजनाचा लगाम, आणि हा लगाम मुख्यतः प्रोटीनांच्याच हातात असतो. आरबी नावाचं प्रोटीन पेशीला उंबरठ्यावर धरून ठेवतं. सायक्लिन हे दुसरं प्रोटीन आणि त्याच्या जोडीचं एन्झाइम ती पकड सैल करतात, तेव्हा कुठे पेशी डीएनएची नक्कल करायला लागते. लगाम धरणारं आणखी एक प्रोटीन म्हणजे पी५३, १९७९ मध्ये सापडलेलं. कोगनोळी नाक्यावर गाडी बाजूला घेऊन कागद तपासावेत, तसं त्याचं काम. डीएनए तुटलेला असला की ते पी२१ हे प्रोटीन बनवायला लावतं; पी२१ सायक्लिनच्या जोडीच्या त्या एन्झाइमला जखडतं आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पी५३ त्या पेशीला मरायला लावतं. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कॅन्सरांत याच पी५३चं जनुक बिघडलेलं सापडतं.

प्रतिकारशक्तीचं तर मेसेजवाल्याला काहीच कळलेलं नाही. प्रतिकारपेशी नुसत्या वाढल्या की भलंच होतं असं नाही. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, कॅन्सर होतो तोच रक्त आणि प्रतिकारपेशी घडवणाऱ्या कोवळ्या पेशींना. टी पेशी या प्रतिकारपेशी छातीच्या हाडामागच्या थायमस नावाच्या ग्रंथीत तयार होतात. तिथे नॉच१ नावाचं प्रोटीन कोवळ्या पेशीला 'तू टी पेशी हो' असा इशारा देतं. पुढे तो इशारा थांबायला हवा. टी पेशींच्या ल्युकेमियात निम्म्याहून अधिक रुग्णांत नॉच१चं जनुक बिघडून इशारा चालूच राहतो. थायमसमधल्या बहुसंख्य पेशी तिथेच मारल्या जातात. चांगल्या चाळून घ्यायच्या तर ते लागतंच. आता प्रतिकारपेशींचा ब्रेक सोडणारी औषधं आहेत, त्यामागच्या शोधाला २०१८चं नोबेल मिळालं. पण ती घेताना थायरॉईड, आतडी, फुप्फुसं यांच्यावर डॉक्टर डोळा ठेवून असतात, कारण सुटलेल्या पेशी आपल्याच अवयवांवर धावून जाऊ शकतात. आणि काढा निरुपद्रवी असतोच असं नाही. गुळवेल घेतलेल्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. एवढ्या लांबलचक मेसेजात तंबाखूचा शब्द नाही, आणि तो फिरतोय निपाणीच्या बिडी-तंबाखूच्या पट्ट्यात! इथल्या कितीतरी घरांची चूल तंबाखूवर पेटली, हे मला माहीत आहे. पण तंबाखूतली नायट्रोसअमाइन्स नावाची रसायनं डीएनएला चिकटून तो बिघडवतात, आणि बिडीच्या धुरातलं बेंझोपायरीन पी५३च्याच जनुकावर घाव घालतं. काकू चाळीस वर्षं सकाळी उठून मिश्री लावत होती. अंडी सोडायला तिला ग्रुपवरच्या पंधरा जणांनी सांगितलं. मिश्रीची डबी मात्र परवापर्यंत तिच्या उशाशीच होती.