गाडी खोलणाऱ्या माणसाशी बोलू द्याल का?

गाडी बिघडते याचं मला काही वाटत नाही. यंत्र आहे, बिघडणारच. माझं डोकं फिरतं ते कॉफीचं मशीन आणि सोफे ठेवलेल्या त्या एसी सर्व्हिस सेंटरमध्ये, जिथे प्रत्यक्ष गाडी खोलणाऱ्या माणसाशी गिऱ्हाइकाला बोलूच देत नाहीत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. आणि खरं सांगायचं तर कुठल्याही कंपनीचं नाव घातलं तरी खाली निम्मे लोक ‘आमचंही अगदी असंच’ म्हणतील.

आमची गाडी बीएस सिक्स डिझेल. सासू-सासरे चिपळूणला होते तेव्हा सारखं जाणं-येणं असायचं, म्हणून डिझेल घेतली. आता ते दोघंही पुण्यात आमच्याकडेच असतात आणि गाडी कोथरूड ते शिवाजीनगर एवढीच धावते. धावते म्हणजे काय, कर्वे रोडला सेकंड गिअरमध्ये सरकते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, लागू झाले. त्यात बसण्यासाठी डिझेल गाड्यांना धूर बाहेर जायच्या वाटेवर डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. काजळी त्यात अडकते आणि साठली की गाडी ती आपली आपण जाळते. त्यासाठी जास्तीचं डिझेल सोडून आतलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास न्यावं लागतं, आणि हे नीट पार पडायला पंधरा-वीस मिनिटं एका लयीत गाडी पळावी लागते. शहरात ते मध्येच तुटतं. वारंवार तुटलं की न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. म्हणजे इंजिन ऑईल कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागतं! मी स्वतः डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून बघितली. ऑईल वरच्या खुणेच्याही वर, पाण्यासारखं पातळ, आणि नाकाशी नेलं तर चक्क पेट्रोल पंपावरचा वास.

हे सगळं मी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला सांगितलं. डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा कधी लागतो, पिकअप कुठे मरतो, ऑईल किती चढलंय, डिपस्टिकचा फोटोसुद्धा दाखवला. त्याने टॅबवर टाइप केलं: ‘पिकअप लो. चेक.’ त्याखाली मात्र न सांगता भराभर ओळी वाढल्या. एसी डिसइन्फेक्शन, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, खालून अँटिरस्ट कोटिंग, अलाइनमेंट-बॅलन्सिंग. ते सगळं खोडायला लावलं तेव्हा चेहरा पडला बिचाऱ्याचा. त्याला त्याचंच टार्गेट असतं, हे मला मान्य आहे. मग त्याने विचारलं, “मॅडम, सर नाही आले?”

सर घरी पेपर वाचत होते. सरांना बॉनेट कुठून उघडतं हेही माहीत नाही. पुढच्या खेपेला मुद्दाम त्यांना सोबत नेलं, तर मी बोलत होते आणि अ‍ॅडव्हायझर माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे बघून देत होता. हे गंभीरपणे मान डोलावत होते. घरी येताना विचारलं, काय कळलं? म्हणाले, कॉफी बरी होती.

संध्याकाळी गाडी धुऊन पुसून मिळायची, कागदावर ‘चेक्ड अँड फाउंड ओके’. आठवडाभरात दिवा परत. मग फोर्स्ड रिजनरेशन, म्हणजे मशीन लावून फिल्टर जाळून साफ करणं, आणि सोबत ऑईल बदली. त्याचे पैसे आमच्याकडून, कारण ऑईल कन्झ्युमेबल, ते वॉरंटीत बसत नाही. आणि वर सल्ला: “तुमचा ड्रायव्हिंग पॅटर्न चुकतोय मॅडम. रविवारी हायवेला फिरवून आणत जा.” अजीर्ण झालेल्याला शतपावली सांगावी तसं! तेही केलं. रविवारी सकाळी खेड शिवापूरपर्यंत गाडी पळवायची, यू टर्न मारायचा आणि परत. शोरूममध्ये हीच गाडी विकताना ‘रोजचं रनिंग किती, कुठे चालवणार’ हे कोणी अवाक्षरानेही विचारलं नव्हतं. तेव्हा फक्त सनरूफ आणि स्क्रीन.

एकदा मी सरळ म्हणाले, वर्कशॉपमध्ये ज्याने गाडी बघितली त्याला बोलवा, मला त्याच्याशी बोलायचंय. “कस्टमर अलाउड नाही मॅडम, सेफ्टी.” ठीक आहे, मी आत येत नाही, त्याला बाहेर पाठवा. तर तो लंचला गेलेला. चार वाजेपर्यंत तो लंचलाच होता.

शेवटी मैत्रिणीने धनकवडीतल्या एका गॅरेजवाल्याकडे पाठवलं. भीती होतीच, बाहेर दाखवलं की वॉरंटी जाते अशी धमकी डीलरने आधीच देऊन ठेवली होती. गॅरेजवाला म्हणाला, “ताई, मी काही खोलत नाही, फक्त बघतो.” त्याने स्कॅनर लावला आणि आकडे माझ्यासमोर धरले. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजायला एक सेन्सर असतो, त्याला दोन बारीक रबरी नळ्या जातात. त्याचं रीडिंग एका जागी ठरेना. टॉर्च पाडून त्याने एक नळी बोटाने जरा वाकवली आणि तिच्या तोंडाशी चीर उघडली, नखाएवढी. दाबाचा आकडा चुकीचा जायचा, त्यामुळे फिल्टर कधी भरला आणि काजळी कधी जाळायची हा गाडीचा हिशेबच गंडला होता. माझा ड्रायव्हिंग पॅटर्न!

त्याने पैसे घ्यायला नाही म्हटलं, मी बळेच दिले. त्याला म्हटलं, तुम्हाला कळलं ते त्यांना कसं कळत नाही? म्हणाला, “त्यांच्याकडे माझ्यापेक्षा भारी मशीन आहे ताई. बघायला वेळ नाही.” त्याच्यासारख्यांना कंपनीचे पार्ट आणि स्कॅनिंगची साधनं सहज मिळत नाहीत, हे रडगाणं जुनंच आहे. याच मुद्द्यावर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. पुढे अपिलं झाली. धनकवडीपर्यंत त्यातलं काय पोचलं ते दिसतंच आहे.

नळीचा फोटो घेऊन डीलरकडे गेले. नळी वॉरंटीत बदलली, तासाभराचं काम. कागदावर काय लिहिलं? ‘प्रिव्हेंटिव्ह रिप्लेसमेंट’. आणि निघताना, “मॅडम, कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहाच द्या हां. नऊ दिले तरी झिरो धरतात.”

मी चार दिले. दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा पहिल्यांदाच फोन आला. नळीबद्दल अक्षर नाही, चारबद्दल वीस मिनिटं.

आता भांडण आहे ते इतके दिवस भरलेल्या ऑईल बदलीच्या पैशांचं. कस्टमर केअर म्हणतं डीलरशी बोला, डीलर म्हणतो कंपनीचं अप्रूव्हल हवं. ही टोलवाटोलवी त्यांना परवडते, कारण कायद्याने कंपनी आणि डीलर वेगवेगळे उभे राहू शकतात. गोव्यातल्या एका गिऱ्हाइकाला डीलरने नवी म्हणून जुन्या वर्षाची गाडी गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये डीलरच्या वागण्यासाठी कंपनीला जबाबदार धरायला नकार दिला. सारखी बिघडणारी नवी गाडी परत घ्यायला लावणारे लेमन लॉ अमेरिकेत आहेत, आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. तोही अगदीच लेचापेचा नाही. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दहा ते वीस लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये, मुदत दोन वर्षं. पण तिथे कागद लागतो. ‘पिकअप लो’ लिहिलेल्या कागदावर ऑईलमध्ये डिझेल मिसळलं हे कसं सिद्ध करणार? म्हणून हल्ली मी जॉब कार्डवर तक्रार माझ्या शब्दांत, पेनाने लिहिते आणि मगच सही करते. अ‍ॅडव्हायझर म्हणतो सिस्टिममध्ये तशी सोय नाही. मी म्हणते, कागदावर आहे ना जागा?

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून झाली आहे. त्यानंतर डीलरकडून एक ऑफर आली: फ्री वॉशिंग आणि पॉलिश.

कोणाच्या बीएस सिक्स डिझेलमध्ये ऑईल असं चढत असेल तर रिजनरेशनचे पैसे भरण्याआधी त्या सेन्सरच्या नळ्या आणि रीडिंग समोर उभं राहून तपासून घ्या. आणि पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात गाडीची केस कोणी वकिलाशिवाय चालवली असेल, तर मेसेज करा प्लीज. ऑईलची सगळी बिलं जपून ठेवली आहेत.