आमची कोठेही शाखा नाही (क्योतोतही नाही)

परवा फॅमिली ग्रुपवर चुलतभावाने एक रील टाकलं. पुण्यातलं कुठलंसं जुनं मिठाईचं दुकान, काचेवर पाटी, 'माल संपल्यावर दुकान बंद होईल, वाद घालू नये', आणि खाली अर्थातच 'आमची कोठेही शाखा नाही'. रीलवाला खो खो हसतोय आणि त्याखाली आमच्या बंधूंचं भाष्य, बघा, म्हणून मराठी माणूस धंद्यात मागे. मग काय, गुजराती बघा, मारवाडी बघा, हल्दीराम आपल्या नागपुरात बसून कुठल्या कुठे गेला वगैरे. मी तेव्हा इथे क्योतोत देमाचीला रांगेत उभा होतो, मोचीच्या, म्हणजे चिकट तांदळाच्या जपानी मिठाईच्या. पाऊण तास झाला होता. डोकंच सटकलं.

देमाची फुताबा म्हणजे कावारामाचीवरचं रस्त्याला लागून असलेलं दुकान, १८९९ पासूनचं. आत माणसं ओळीने उभी राहून मोची वळतायत, ते रांगेतून दिसतं. माझी जागा ठरलेली, रांग जिथे मासुगाता बाजाराकडे वळते तिथे. घ्यायची ती मामेमोची, बाकी सगळं ठीक आहे. बाहेर चिकट तांदळाची मऊ पारी, आत अझुकी नावाच्या तांबड्या कडधान्याचं गुळगुळीत पुरण, आणि पारीतच अख्खे लाल वाटाणे, तेही खारे. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला वाटलं मीठ चुकून पडलंय. आता त्या मिठासाठीच जातो.

ही मोची आजच खायची. उद्या तिचा दगड होतो. सुपरमार्केटातली चार दिवस मऊ राहते, कारण तिच्यात भरपूर साखर नाहीतर एन्झाइम असतं. इथे माल संपला की संपला, मंगळवारी बंद, आणि त्याला अरेरावी कोणी म्हणत नाही. उलट लोक पुडकं घेऊन नदीवर जातात, दोन नद्या मिळतात त्या डेल्टावर बसून खातात, घार झडप घालून हातातली मोची नेते तरी हसतात. त्यातले काही हल्ली आपलेच टुरिस्ट, जे पुण्यात दुपारी एक ते चार बंदवर जोक मारतात आणि इथे वाकून 'आरिगातो' म्हणतात!

हे सगळं मी तिथेच उभ्या उभ्या टाइप केलं. वर इथल्याच इमामिया देवळाजवळच्या इचिवा या दुकानाचंही लिहिलं, की सन १००० पासून एकच पदार्थ, बांबूच्या काड्यांना लावून कोळशावर भाजलेली मोची आणि वर पांढऱ्या मिसोची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, चटणी, हजार वर्षं, एकच घराणं, आणि २०२० मध्ये डिलिव्हरी ॲपवाले आले तर त्यांना सरळ नाही म्हणून सांगितलं. आता बोल म्हटलं.

खरं तर मी थोडं लपवलं. फुताबाचा माल ठराविक दिवशी डिपार्टमेंट स्टोअरमध्येही मिळतो, हे नाही लिहिलं. आणि हातची मोची, हातची मोची म्हणतात तिथे तांदूळ कुटायला बहुतेक ठिकाणी मशीनच असतं, हात लागतो तो वळायला, हेही नाही. आमच्या गल्लीत एक म्हातारं जोडपं असंच दुकान चालवायचं, गेल्या वर्षी शटरवर कागद लागला, इतकी वर्षं आलात, आभारी आहोत. मुलगा टोकियोत कंपनीत आहे म्हणे. हे तर अजिबातच नाही लिहिलं.

भावाचा रिप्लाय आला. "दादा, तिकडे बसून बोलायला काय जातंय." आणि पाठोपाठ, "आईला तू काय सांगत होतास आठवतं का."

आठवतं की. त्याची आई म्हणजे आमची काकू, पार्ल्यात दर संकष्टीला ऑर्डरचे मोदक करायची. ती आणि दोन बायका, दीडशे मोदक, एकशे एकावन्नावा नाही. आंबेमोहोराची पिठी, ती पण स्वतः धुवून वाळवून दळून आणलेली. लोक फोन करून गयावया करायचे आणि ही शांतपणे "पुढच्या संकष्टीला बघू" म्हणायची. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलेलो, अंगात आलेलं, तिला एक्सेल शीट करून दाखवली होती. साचा घे, फ्रोझन कर, दादरला काउंटर टाक, इतके गुणिले इतके. ती म्हणाली, "अरे, मग ते माझे कसे राहतील?" आणि मी हसलो होतो, त्या रीलवाल्यासारखाच. पुढे तिचे गुडघे गेले, त्या दोघी बायका दुसरीकडे लागल्या, संपलं. मी तोवर इकडे.

आता इकडे म्हणजे तरी काय. नऊ वर्षं झाली, कोपऱ्यावरची बाई अजून मला "जपानी छान बोलता हं" म्हणते. दोन वाक्यंसुद्धा झालेली नसतात. जिथल्या दुकानांसाठी मी घरच्यांशी भांडतोय तिथे मी पाहुणाच, आणि घरच्या ग्रुपवर 'तिकडे बसलेला'.

पहिल्या वर्षी गणपतीला मोदक करायला गेलो, तांदळाचं पीठ म्हणून मोचिको आणलं. तेव्हा कुठे माहीत, ते चिकट तांदळाचं असतं. झाकण काढलं तर मोदकांचा एकच लपका. मग कळलं की आपल्या उकडीला जवळचं ते जोशिनको, साध्या तांदळाचं. इकडे मे महिन्यात मुलांच्या सणाला काशिवामोची करतात ती त्याचीच. उकडीसारखी पारी, आत पुरण, वरून ओकचं पान. पातोळ्यांसारखंच, पान वासाला, खायचं नाही. त्या झाडाचं जुनं पान म्हणे नवा कोंब येईपर्यंत गळत नाही, म्हणून घराणं चालू राहावं यासाठी ते शुभ. गल्लीतल्या त्या म्हाताऱ्यानेच सांगितलं होतं मला हे, पान बांधता बांधता.

भावाला उत्तर नाही दिलं. यंदा मेमध्ये काढलेला काशिवामोचीचा फोटो फोनमध्ये होता, पान उलगडलेला, तो काकूला वेगळा पाठवला, म्हटलं बघ, इकडचे मोदक. दोन दिवस काही नाही. मग व्हॉइस मेसेज आला, मागे कुकरची शिट्टी.

"पारी जाड झालीये रे. आणि कळ्या कुठायत?"