कोपऱ्यात उभा असलेला माइक

चेटकिणीच्या शोधात जंगलात गेलेल्या तीन तरुणांची गोष्ट सांगणाऱ्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या अमेरिकन भयपटावरचा एक लेख वाचला. चित्रपटाच्या यशाचे जवळजवळ सगळे श्रेय त्यात इंटरनेटवरील प्रसिद्धीला दिले आहे, ते मला पटत नाही. प्रसिद्धीमुळे प्रेक्षक चित्रपटगृहापर्यंत आला हे खरे, परंतु तिथे त्याला वाटलेली भीती ऑक्टोबर १९९७ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या जंगलात घडली होती. डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दिग्दर्शकांनी तिन्ही कलाकारांच्याच हाती कॅमेरे दिले, रोजच्या सूचना फिल्मच्या डब्यांत चिठ्ठ्या ठेवून कळवल्या आणि त्यांचे खाणे दिवसेंदिवस कमी करत नेले. त्यामुळे पडद्यावरच्या थकव्यात आणि चिडचिडीत अभिनय कुठे संपतो हे सांगता येत नाही.

शेवटचे दृश्य पाहा. त्या तिघांपैकी माइक एका पडक्या घराच्या तळघरात, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून निश्चल उभा आहे, त्याची सोबतीण हेदर हिचा कॅमेरा जमिनीवर पडतो आणि चित्रपट संपतो. रक्त नाही, चेटकीणही नाही. पूर्वी त्या भागात मुलांचे खून करणारा एक माणूस एका मुलाला मारताना दुसऱ्याला कोपऱ्यात उभे करायचा, ही चित्रपटाच्या सुरुवातीला सांगितलेली हकीकत ज्याला आठवते, त्याच्या अंगावर तिथे सर्रकन काटा येतो. माझ्या तर आजही येतो.

लेखात कलाकारांचा उल्लेखच नाही, याचे फार वाईट वाटले. बहुतेक संवाद त्यांना आयत्या वेळी सुचलेले होते, पात्रांना नावेही त्यांचीच होती. आणि जगभरात सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलर मिळवणाऱ्या या चित्रपटाच्या न्याय्य मोबदल्यासाठी त्यांना २०२४ मध्येही जाहीर मागणी करावी लागली.