जिरेपाणी नंतर, आधी बीपी मोजा

नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: "आठव्या-नवव्या महिन्यात पोटात वरच्या बाजूला दुखलं तर ती ॲसिडिटीच, जिरेपाणी द्या. बीपीचा त्रास फक्त किडनीला होतो, स्वादुपिंडाशी संबंध नाही. सोनोग्राफी नॉर्मल असली की काळजी मिटली. बाळंतपणानंतर सगळं आपोआप जातं."

गरोदरपणात ॲसिडिटी बहुतेकींना होते, आणि फसगत होते ती त्यामुळेच. तीव्र प्रीएक्लॅम्पसियात, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून होणाऱ्या आजारात, यकृत सुजतं, त्याचं आवरण ताणलं जातं. दुखतं छातीच्या खाली नाहीतर उजव्या बरगडीखाली, म्हणजे जवळपास जळजळ होते तिथेच. जागेवरून फरक कळत नाही. बीपी मोजल्यावर कळू शकतो. १४०/९० म्हणजे त्याच दिवशी दवाखाना, १६०/११० म्हणजे तडक. लघवीत बुडवलेली पट्टी पिवळीची हिरवट झाली तर प्रोटीन जातंय. पण पिवळीच राहिली तरी आजार असू शकतो.

'फक्त किडनी' हे तर साफ चूक. हा आजार रक्तवाहिन्यांचा. वारेतून आईच्या रक्तात उतरणाऱ्या घटकांमुळे वाहिन्यांचं अस्तर बिघडतं, त्या आकसतात. मग किडनी, यकृत, मेंदू आणि क्वचित स्वादुपिंडही त्याच्या तावडीत सापडतं. तिथला रक्तपुरवठा तुटला की पेशींतली पाचक द्रव्यं जागीच सुटतात आणि ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते. दुखणं पाठीत जातं, उलट्या थांबत नाहीत. अर्थात हे दुर्मिळ आहे. गरोदरपणात स्वादुपिंडाला सूज येण्याचं नेहमीचं कारण पित्ताशयातले खडे, त्याखालोखाल वाढलेले ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी. त्यामुळे बीपी दिसलं की सगळं खापर त्याच्यावर फोडायचं, हेही बरोबर नाही. डॉक्टर आधी खडे शोधतात ते म्हणूनच.

सोनोग्राफीत खडे दिसतात, पण स्वादुपिंड बरेचदा आतड्यातल्या गॅसमागे लपलेलं असतं. तेव्हा रक्त तपासावं लागतं. लायपेज हे स्वादुपिंडाचं पाचक एन्झाइम नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट किंवा जास्त असेल तर संशय पक्का होतो. प्लेटलेट्स आणि यकृताची एन्झाइम्सही त्याच वेळी बघून घेतात.

फॉरवर्डच्या शेवटच्या वाक्यात थोडं तथ्य आहे. वार निघाली की आजार ओसरायला लागतो, खरा इलाज प्रसूतीच. पण 'आपोआप' नाही. बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा चढू शकतं, आणि तोवर बाळंतीण घरी आलेली असते, पाहुणे बाळ बघायला जमलेले असतात. तिचं डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा पोटात वर कळ आली, तर जागरणाचा शीण म्हणून सोडून देऊ नका. पहिले सहा आठवडे तरी नाहीच.